तागाची गासडी आणि शहराचा राजरस्ता

अर्थशास्त्र हा विषय रुक्ष आहे, अशी विद्यार्थिवर्गाची जुनी तक्रार आहे. कर, जकात, निर्यात, अंदाजपत्रक हे शब्द कानीं पडतांच पुष्कळांचें लक्ष खिडकीबाहेर जातें. परंतु हे शब्द ज्या गोष्टींस लाविले जातात त्या गोष्टी आपल्या घरांतल्याच असतात. धान्याच्या कोठीजवळ गुंडाळून ठेवलेलें गोणपाटाचें पोतें आपण रोज पाहतों. त्या पोत्याच्या धाग्यावर एके काळीं एक लहानसा कर बसविला गेला; त्या करांतून एका मोठ्या शहराचे रस्ते रुंद झाले, तलाव खोदले गेले, बागा झाल्या; आणि त्याच कराच्या निमित्तानें, शेतकऱ्याच्या घामाचा पैसा कोणाच्या कामीं यावा, हा वाद पुढें देशाच्या राज्यघटनेपर्यंत जाऊन पोहोंचला. तो वृत्तांत येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कोणत्याही कराविषयीं तीन प्रश्न विचारावयाचे असतात. पहिला, कर भरला कोणीं? दुसरा, तो शेवटीं सोसला कोणीं? तिसरा, त्याचा उपयोग झाला कोणास? या तीन प्रश्नांचीं उत्तरें नेहमीं एकच असतात असें नाहीं. बहुधा तीं तीन निराळीं असतात, आणि न्यायान्यायाचा सारा विचार त्या निराळेपणांतच दडलेला असतो. वाचकांनीं हे तीन प्रश्न मनांत धरून पुढील मजकूर वाचावा.

ताग आणि त्याचा शेतकरी

आपल्याकडे हिरवळीच्या खतासाठीं जो ताग पेरितात तो निराळा. बंगालचा ताग, ज्यास इंग्रजींत ज्यूट व बंगालींत पाट म्हणतात, तो दुसऱ्या जातीचा आहे. त्यास उष्ण हवा, भरपूर पाऊस आणि नद्यांच्या पुरानें दरवर्षीं नवा होणारा गाळ लागतो. गंगा व ब्रह्मपुत्रा यांच्या मुखाकडील प्रदेशांत या तीनही गोष्टी एकत्र मिळतात. म्हणून मैमनसिंग, डाक्का, रंगपूर, फरीदपूर इत्यादि जिल्हे हें तागाचें माहेरघर ठरलें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुष्कळ वर्षें जगाला लागणारा बहुतेक सारा ताग या एकाच प्रदेशांतून जात असे.

हें पीक काढणें मोठ्या कष्टाचें आहे. उन्हाळ्यांत पेरणी होते. पावसाळ्यांत पुरुषभर किंवा त्याहून उंच वाढलेले ताट कापावे लागतात. मग त्यांच्या पेंढ्या बांधून दोनतीन आठवडे पाण्यांत कुजत ठेवितात. साल मऊ झाली म्हणजे शेतकरी कमरेइतक्या पाण्यांत उभा राहून काडीपासून तंतु सोडवितो, धुतो आणि वाळवितो. त्या पाण्यास दुर्गंधी असते, वर पाऊस चालू असतो. पुढें हा ताग दलाल, व्यापारी, अडते अशा अनेक हातांतून कलकत्त्यास येई. तेथें दाबून त्याच्या ४०० पौंडांच्या, म्हणजे आजच्या मापानें सुमारे १८१ किलोंच्या, गासड्या बांधीत.

तेथून दोन वाटा फुटत. कांहीं ताग जहाजांत चढून स्कॉटलंडांतील डंडी शहराच्या आणि इतर देशांतील गिरण्यांकडे जाई. उरलेला हुगळी नदीच्या कांठच्या गिरण्यांत जाई. त्या कांठीं तागाच्या सुताची पहिली गिरणी १८५५ सालीं रिश्रा येथें निघाली. पुढें गिरण्यांची रांगच उभी राहिली. त्यांत होणारीं पोतीं व हेशियन कापड जगभर जाऊं लागलें. अर्जेंटिनाचा गहूं, ब्राझिलची कॉफी, ऑस्ट्रेलियाची लोंकर यांना बांधावयास बंगालचा धागा लागे. कलकत्त्याची श्रीमंती पुष्कळ अंशीं या धाग्यावर लोंबकळत होती, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

शहराची दैना आणि सुधारणेचा उपाय

ज्या शहरांत ही संपत्ति येऊन पडे त्या शहराची अवस्था मात्र दयनीय होती. उत्तर भागांतील गल्ल्या इतक्या अरुंद कीं, दोन माणसें समोरासमोर आलीं तर एकानें भिंतीस टेकावें. घरांस घरें चिकटलेलीं, ऊन व वारा यांस मज्जाव, आणि मधूनमधून दाट झोंपड्यांच्या बस्त्या. अशा ठिकाणीं रोग एकदां शिरला म्हणजे बाहेर पडण्याचें नांव घेत नाहीं.

१८९६ सालीं मुंबईस प्लेगचा उद्भव झाला, आणि १८९८ सालीं तो कलकत्त्यांत दिसूं लागला. या संकटानें राज्यकर्त्यांचे डोळे उघडले. मुंबईंत १८९८ सालींच सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कलकत्त्यास विचारविनिमयांत अधिक काळ गेला. तेथील कायदा १९११ सालीं मंजूर झाला व १९१२ च्या आरंभीं कलकत्ता इंप्रूव्हमेंट ट्रस्टनें कामास हात घातला. त्याचे पहिले अध्यक्ष सी. एच्. बॉम्पस हे होते. त्याच सुमारास, म्हणजे १९११ च्या डिसेंबरांत, हिंदुस्थानची राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस हलविण्याची घोषणा झाली. राजधानीचा मान जावयाचा आणि शहर सुधारण्याचा भार यावयाचा, असा हा योग होता.

अशा ट्रस्टचें काम नगरपालिकेच्या कामाहून निराळें असतें. झाडलोट, दिवाबत्ती, पाणीपुरवठा हीं रोजचीं कामें नगरपालिकेनें करावीं. ट्रस्टनें दाट वस्तीचा भाग विकत घ्यावा, घरें पाडून रस्ते आखावे, मोकळ्या जागा ठेवाव्या, रस्त्यालगतच्या उरलेल्या जमिनी विकून खर्चाचा कांहीं भाग भरून काढावा, आणि नवे भाग वसवावे. या कामास प्रथम मोठें भांडवल लागतें. भांडवल कर्जानें उभारतां येतें, पण कर्ज देणारा विचारतो, व्याज कोठून देणार? म्हणून ट्रस्टला दरवर्षीं नेमानें येणाऱ्या उत्पन्नाची गरज होती.

दोन आण्यांचा कर

कायद्यानें हें उत्पन्न अनेक झऱ्यांतून आणलें. शहरांतील घरेंजमिनी विकतांना दर शेंकडा २ जादा मुद्रांक शुल्क ठेविलें. नगरपालिकेनें आपल्या करपात्र मूल्याच्या शेंकडा २ प्रमाणें वर्गणी द्यावी असें ठरविलें. आगगाडीनें व आगबोटीनें येणाऱ्याजाणाऱ्या उतारूंवरही लहानसा कर बसविला. आणि चौथा झरा म्हणजे तागावरील निर्यात कर. कलकत्ता बंदरांतून समुद्रमार्गें बाहेर जाणाऱ्या कच्च्या तागाच्या दर ४०० पौंडी गासडीस २ आणे, आणि तागाच्या तयार मालास दर टनास १२ आणे, अशी त्याची मर्यादा होती.

आजच्या विद्यार्थ्यांसाठीं सांगितलें पाहिजे कीं, १९५७ सालीं दशमान नाणीं येईपर्यंत आपल्या रुपयाचे १६ आणे होत असत. म्हणजे २ आणे म्हणजे रुपयाचा आठवा हिस्सा. आतां थोडें गणित करूं. एक टन म्हणजे २,२४० पौंड. त्यास ४०० नें भागिलें म्हणजे ५.६ गासड्या होतात. दर गासडीस २ आण्यांप्रमाणें कच्च्या तागाच्या एका टनावर ११.२ आणे पडले. तयार मालाच्या टनावर १२ आणे. म्हणजे वजनानें पाहतां दोन्ही दर जवळजवळ सारखेच होते. फिरणींत वाया जाणारा अंश धरला तर हा थोडा फरकही समजण्यासारखा आहे. परंतु किंमतीनें पाहतां तयार माल महाग असतो, त्यामुळें मूल्याच्या मानानें गिरणीवाल्याच्या मालावर कर हलका व कच्च्या मालावर भारी पडे. कायद्यांतील दोन ओळी शेजारीं ठेवून असें गणित केलें म्हणजे आंकडे बोलूं लागतात.

एक लाख गासड्यांवर २ आण्यांप्रमाणें १२,५०० रुपये होतात. पहिल्या महायुद्धापूर्वीं वर्षास सुमारें ४० लाख गासड्या कच्चा ताग परदेशीं जात असे. म्हणजे केवळ कच्च्या तागापासून वर्षाकांठीं सुमारें ५ लाख रुपयांची सोय होत होती, आणि तयार मालाचा कर त्याखेरीज. गासडीची किंमत ३० रुपये धरली तरी २ आणे म्हणजे तिचा २४० वा हिस्सा. इतका बारीक कर कोणास जाणवणार, असें कर बसविणाऱ्यांस वाटलें असल्यास नवल नाहीं.

भरणारा एक, सोसणारा दुसरा

हा कर भरला कोणीं, हें सांगणें सोपें आहे. बंदरावर माल चढविणाऱ्या निर्यातदारानें तो रोख मोजला. पण तो सोसला कोणीं? निर्यातदार कांहीं पदरमोड करण्यासाठीं व्यापार करीत नाहीं. भरलेला कर वसूल करण्यास त्याच्यापुढें दोन मार्ग असतात. एक, परदेशी गिऱ्हाइकास तितका भाव चढवून सांगणें. दुसरा, इकडील विकणाऱ्यास तितका भाव उतरवून देणें. यांपैकीं कोणता मार्ग चालेल हें दोघांपैकीं अडलेला कोण, यावर ठरतें.

त्या काळचे जाणते लोक म्हणत कीं, अडलेला आहे तो परदेशी गिऱ्हाइक. तागासारखा स्वस्त व बळकट धागा दुसरीकडे कोठें पिकत नाहीं. डंडीच्या गिरणीस कलकत्त्याकडे आल्यावांचून गत्यंतर नाहीं. तेव्हां दोन आणे तो मुकाट्यानें देईल. शिवाय बंगालच्या शेतकऱ्यास त्याच जमिनींत भात करतां येतें. तागाचा भाव उतरला तर पुढच्या वर्षीं तो भात पेरील, ताग कमी पिकेल, आणि भाव पुन्हां चढेल. अशा रीतीनें कराचें ओझें शेवटीं समुद्रापलीकडे जातें. हा युक्तिवाद खोटा नाहीं. चांगल्या वर्षांत तो पुष्कळसा खराही होत असावा.

पण त्यांत 'पुढच्या वर्षीं' हा शब्द आहे, आणि गरीब माणसाच्या संसारांत पुढच्या वर्षापेक्षां ह्या महिन्याची चिंता मोठी असते. ताग कांहीं खातां येत नाहीं. पीक हातीं आलें, सावकाराचें देणें उभें आहे, घरांत साठवावयास कोरडी जागा नाहीं. मग मिळेल त्या भावानें तें विकावेंच लागतें. शिवाय शेतकरी व बंदर यांच्या मधल्या प्रत्येक हातास आपला नफा राखावयाचा असतो. वरून आलेला भार प्रत्येकजण खालच्या पायरीवर ढकलतो, आणि सर्वांत खालच्या पायरीवर जो उभा असतो त्यास ढकलावयास कोणीच नसतें. म्हणून दीर्घकाळाच्या हिशेबांत जो कर परदेशी गिऱ्हाइकाचा, तोच अडचणीच्या वेळीं शेतकऱ्याचा होतो. दोन आण्यांच्या बाबतींत हा फरक थोडा होता. पण कर वाढल्यावर तो केवढा झाला हें लवकरच दिसेल.

त्या पैशानें काय झालें

ट्रस्टनें काम केलें हें नाकारतां येणार नाहीं. त्याचे मुख्य अभियंते ई. पी. रिचर्ड्स यांनीं १९१४ सालीं शहराच्या स्थितीवर एक मोठा अहवाल लिहिला व रस्त्यांच्या अभावीं शहर कसें गुदमरत आहे हें दाखवून दिलें. पुढील वर्षांत उत्तर भागाच्या दाटींतून सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूचा रुंद मार्ग काढण्यांत आला. त्यासच आज चित्तरंजन अ‍ॅव्हेन्यू म्हणतात. दक्षिणेस रासबिहारी अ‍ॅव्हेन्यू व सदर्न अ‍ॅव्हेन्यू यांच्या आजूबाजूस नवें शहर वसलें. ढाकुरिया येथील दलदल व झाडी काढून मोठा तलाव खोदण्यांत आला. १९५८ पासून त्यास रवींद्र सरोवर हें नांव आहे. आजही सकाळसंध्याकाळ हजारों माणसें तेथें फिरावयास येतात, आणि त्यांच्या पायाखालच्या त्या वाटेंत मैमनसिंगच्या तागाचा कांहीं अंश आहे हें त्यांतील थोड्यांनाच ठाऊक असेल.

पण हिशेबाच्या वहीस दुसरी बाजूही असते. गल्ली पाडून राजरस्ता केला म्हणजे त्या गल्लींतील माणसें कोठें गेलीं? ज्यांचीं घरें होतीं त्यांस मोबदला मिळाला. जे भाड्यानें एका खोलींत राहत होते, जे बस्तींत राहत होते, त्यांस नव्या रस्त्यालगतची महाग जागा परवडणारी नव्हती. तीं माणसें जवळच्या दुसऱ्या दाटींत जाऊन राहिलीं, व तेथील दाटी वाढली. हें दुखणें कलकत्त्यापुरतें नव्हतें. मुंबईच्या ट्रस्टवरही हाच आक्षेप होता.

या बाबतींत पॅट्रिक गेडीस या विद्वानाचें नांव घेणें योग्य होईल. त्यांनीं १९१९ सालीं कलकत्त्याच्या बडाबाजार भागावर अहवाल लिहिला, आणि त्याच सालापासून कांहीं वर्षें ते मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे अध्यापक होते. जुन्या वस्तीवर सरसकट कुऱ्हाड चालवूं नये. शल्यवैद्य जसा आवश्यक तेवढाच छेद घेतो तसें जेथें अगदीं निरुपाय तेथेंच पाडावें, आणि बाकीचें नीट करावें, असें त्यांचें सांगणें असे. शहर म्हणजे नकाशावरील रेषा नव्हेत, तर एकमेकांच्या आधारानें राहणारी माणसें होत, ही त्यांची शिकवण आजच्या नगररचनाकारांनींही विसरूं नये.

लहान कर मोठा होतो

तागावर कर बसूं शकतो व व्यापार मोडत नाहीं, हें एकदां दिसल्यावर त्याकडे दुसऱ्यांचीही दृष्टि वळली. पहिल्या महायुद्धांत हिंदुस्थान सरकारास पैशाची निकड होती. १९१६ सालीं त्यानें स्वतःचा निराळा निर्यात कर बसविला : कच्च्या तागाच्या गासडीस २ रुपये ४ आणे, हेशियनच्या टनास १६ रुपये व पोत्यांच्या टनास १० रुपये. दुसऱ्याच वर्षीं, १९१७ सालीं, हे दर दुप्पट झाले. म्हणजे गासडीस ४ रुपये ८ आणे. विद्यार्थ्यांनीं आणे करून पाहावे : ४ रुपये ८ आणे म्हणजे ७२ आणे; ट्रस्टच्या २ आण्यांच्या छत्तीसपट!

ट्रस्टचा कर निदान बंगालच्या एका शहरांत खर्च होत होता. हा नवा कर सबंध मध्यवर्ती तिजोरींत जाई. बंगालचे पुढारी विचारूं लागले कीं, पीक आमचें, कष्ट आमचे, मग पैसा दिल्लीचा कां? मध्यवर्ती सरकारचें उत्तर असें कीं, जकात ही साऱ्या देशाची असते. ज्या प्रांतांत बंदर किंवा पीक असेल त्याची ती नव्हे.

१९२९ नंतर जगांत मंदी आली आणि प्रश्न अधिक तीव्र झाला. येथें एक तत्त्व ध्यानांत ठेवावें. किंमतीच्या टक्केवारीनें बसविलेला कर किंमत उतरली म्हणजे उतरतो. पण वजनावर किंवा नगावर बसविलेला कर जागचा हलत नाहीं. समजा, गासडीची किंमत ६० रुपये आहे, तर ४।। रुपये कर म्हणजे शेंकडा ७।। झाले. तीच किंमत ३० रुपयांवर आली तर तोच कर शेंकडा १५ होतो. शेतकऱ्याचें उत्पन्न निम्में झालें, आणि ओझें मात्र तितकेंच राहिलें. भातही स्वस्त झालें असल्यामुळें पीक बदलूनही सुटका नव्हती. पूर्वीं सांगितलेला, ओझें समुद्रापलीकडे जातें हा सुंदर युक्तिवाद अशा वर्षांत पांगळा पडला.

अखेर १९३४ सालीं या कराच्या उत्पन्नाचा निम्मा भाग ताग पिकविणाऱ्या प्रांतांस देण्याचें ठरलें. १९३५ च्या कायद्यानें निदान निम्मा भाग देणें बंधनकारक केलें, आणि सर ऑटो नीमायर यांच्या १९३६ च्या शिफारशीवरून हा वांटा शेंकडा ६२।। झाला. पुढें स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेंतही २७३ व्या अनुच्छेदांत तागाचा उल्लेख आला. या कराच्या वांट्याऐवजीं आसाम, बिहार, ओरिसा व पश्चिम बंगाल यांस कांहीं काळ, फार तर दहा वर्षें, अनुदान द्यावें असें त्यांत म्हटलें आहे. देशाच्या घटनेंत एका पिकाचें नांव यावें यावरून त्याचें महत्त्व ध्यानीं येईल. पण हें अनुदान सरकारांना मिळालें. पाण्यांत उभा राहणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत त्यांतलें किती पोहोंचावें, हें घटनेनें ठरविलें नव्हतें. तें त्या त्या सरकारच्या विवेकावर राहिलें.

मुंबईचा कापूस

महाराष्ट्रांतील वाचक म्हणतील, ही बंगालची कथा झाली. आमचा तिच्याशीं काय संबंध? संबंध जवळचा आहे. १९२० च्या सुमारास मुंबईंत गिरणीकामगारांच्या घरांचा प्रश्न बिकट झाला. त्या वेळचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनीं डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढून ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प केला, व त्याच्या साहाय्यार्थ मुंबई शहरांत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर १ रुपया कर बसविला. वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी येथील ज्या इमारतींना लोक बी. डी. डी. चाळी म्हणतात त्या याच योजनेंतल्या होत. प्रत्यक्षांत २०७ चाळी व सुमारें १६,००० खोल्या झाल्या; संकल्प तिसऱ्या हिश्शावर थांबला.

येथेंही आपले तीन प्रश्न विचारूं. कर भरला कापूस आणणाऱ्या व्यापाऱ्यानें. सोसला कोणीं? तागाची गोष्ट निराळी होती; त्याला जगांत जोड नव्हती. कापूस अमेरिकेंत पिकतो, मिसर देशांत पिकतो. परदेशी गिऱ्हाइकास दुसरी दुकानें उघडीं आहेत. म्हणून तेथें भाव चढविणें कठीण, आणि खानदेश, वऱ्हाड या भागांतील शेतकऱ्याचा भाव तितका उतरण्याचा संभव अधिक. उपयोग झाला कोणास? कामगारांस व्हावा असा हेतु होता, आणि त्यांतील पुष्कळ कामगार कोंकणांतून व देशावरून आलेल्या शेतकऱ्यांचींच मुलें होतीं. राजरस्त्यापेक्षां मजुराची खोली हा खर्च आम्हांस अधिक न्याय्य वाटतो. तरी पहिलीं वर्षें त्यांतील कित्येक खोल्या रिकाम्या राहिल्या. भाडें मजुरास जड, बांधणी उदास. ज्यांच्यासाठीं बांधावयाचें त्यांस विचारलें नाहीं, तर असें होतें.

शेवटीं काय झालें

१९४७ सालीं फाळणी झाली. ताग पिकविणारा बहुतेक प्रदेश पूर्व पाकिस्तानांत, म्हणजे आजच्या बांगलादेशांत, गेला आणि गिरण्या भारतांत राहिल्या. एका रात्रींत शेत एका देशाचें व माग दुसऱ्या देशाचा झाला. भारतानें पश्चिम बंगाल, बिहार, आसाम इत्यादि भागांत तागाची लागवड वाढविली. पण दुसरें संकट दूरून येत होतें. धान्य पोत्यांवांचून जहाजांत व कोठारांत ओतण्याची यंत्रें झालीं. कागदाच्या पिशव्या निघाल्या. आणि नंतर खनिज तेलापासून केलेला कृत्रिम धागा इतका स्वस्त झाला कीं, ज्या मक्तेदारीच्या भरंवशावर कर उभा होता ती मक्तेदारीच सरली. शेवटीं १९८७ सालीं धान्य व साखर यांसारखा माल तागाच्या पोत्यांत भरण्याची सक्ति करणारा कायदा भारतास करावा लागला. ज्याच्यावर एके काळीं कर बसवून शहर सुधारलें, त्यालाच आतां कायद्याचा आधार द्यावा लागला! कलकत्ता इंप्रूव्हमेंट ट्रस्टही आपलें काम करून २०१७ सालीं तेथील महानगर विकास प्राधिकरणांत विलीन झाला.

बोध

यावरून कोणी असें समजूं नये कीं कर ही वाईट वस्तु आहे. करावांचून रस्ता नाहीं, रुग्णालय नाहीं, शाळा नाहीं. प्लेगनें गांजलेल्या शहरांत वारा व ऊन आणणें हें पुण्यकर्मच होतें. व्यापारानें श्रीमंत झालेल्या शहरानें व्यापारावर कर घेऊन स्वतःस सुधारावें यांतही तत्त्वतः गैर नाहीं. कारण तागाचा व्यापारी त्याच शहराच्या बंदराचा, रस्त्यांचा व पाण्याचा उपयोग करीत होता.

पण जुन्या करारांतील आमोस संदेष्ट्यानें खोट्या तराजूनें गरिबांस नाडणाऱ्या व्यापाऱ्यांचा निषेध केला, हें आमच्या विद्यार्थ्यांना शास्त्रपाठाच्या तासांत सांगितलेलें आहे. कराचाही एक तराजू असतो. त्याच्या एका पारड्यांत देणारा व दुसऱ्यांत घेणारा असतो. शहराच्या सभेंत घेणारा हजर असतो. तो बोलतो, मत देतो, वर्तमानपत्रांत लिहितो. दूरच्या खेड्यांतील देणारा तेथें नसतो. जो हजर नाहीं त्याच्यावर ओझें टाकणें नेहमींच सोपें असतें, आणि म्हणूनच त्याची आठवण ठेवणें हें हजर असणाऱ्यांचें कर्तव्य आहे. कर लहान असेल तर तो लहानच राहील असाही भरंवसा नसतो. दोन आण्यांनीं उघडलेल्या दारानें बहात्तर आणे आंत आले हें आपण पाहिलेंच.

विद्यार्थ्यांनीं सुटींत एवढा अभ्यास करावा. घरीं येणाऱ्या धान्याचें पोतें कोणत्या धाग्याचें आहे व तें कोठें तयार झालें हें पाहावें. वडील माणसांकडून घरपट्टीची पावती मागून घेऊन तींत कोणकोणत्या नांवांचे कर आहेत तें उतरून काढावें, आणि प्रत्येकापुढें तीन रकाने आंखावे : भरतो कोण, सोसतो कोण, उपयोग कोणास. पालकांनींही या कामीं मुलांस साहाय्य करावें, ही विनंति. तिसरा रकाना भरतांना आपल्या गांवांतील सर्वांत अरुंद गल्ली अवश्य डोळ्यांपुढें आणावी. तींत राहणाऱ्यांच्या वांट्यास त्या पैशांतून काय आलें, याचें उत्तर जेथें समाधानकारक मिळेल तेथें कर न्यायाचा आहे असें खुशाल समजावें; जेथें मिळणार नाहीं तेथें मोठे झाल्यावर तें मिळविण्याचें काम आजच्या विद्यार्थ्यांचें आहे.